मनबीरसाठी उजवा कौल

शेजारच्या मंगलकाकी मी निवृत्त होईपर्यंत विचारत राहिल्या, "नंदा, तू नक्की काम काय करतंस गो?" सुरुवातीला मी त्यांना नीट समजावून सांगायचे. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून एक करार केलाय, की वंश, वर्ण, जन्म, मूळ देश यांवरून आम्ही कुणाला खाली लेखणार नाही. आपल्या देशानेही त्यावर सही केली आहे. सही करणारा देश खरंच तसा वागतो का, हे जिनिव्हाला बसणारी एक समिती तपासते. सरकार आपला अहवाल पाठवतं, कधी वेळेवर, कधी वर्षानुवर्षं नाहीच. आणि स्वतःबद्दल वाईट कोण लिहितो, म्हणून आमच्यासारख्या संस्था दुसऱ्या बाजूने माहिती गोळा करून ठेवतात. गावोगाव फिरून ती माहिती आणायची, हे माझं काम. काकी सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हणजे चुगल्यो करूचा काम मगे!" शेवटी मी शिरगणतीत आहे असं सांगायला लागले, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

तसं काकींचं फार चुकत नव्हतं. आमचं ऑफिस कणकवलीत एका शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर होतं. दोन खोल्या, एक टेबलफॅन, आणि मुंबईहून फोनवर असणाऱ्या मॅडम. अख्ख्या जिल्ह्यात कोण कुणाशी कसं वागतं ते मी लिहून मॅडमना पाठवायचे, मॅडम राज्याचं एकत्र करायच्या, तिथून दिल्ली, तिथून परदेश. फोंडाघाटच्या बाजारात घाटावरून उतरलेल्या मजुरांशी बोलायचे, आणि ते कुठेतरी परदेशात, ज्यांनी आयुष्यात फोंडाघाट पाहिला नाही अशा माणसांपुढे जायचं. याची मला गंमत वाटायची आणि थोडा अभिमानही होता. नाही कशाला म्हणू?

या कामातली पहिली शिकवण म्हणजे "तुमच्याशी भेदभाव होतो का?" असं कुणाला कधीही विचारायचं नाही. माणूस लगेच "छे, छे" म्हणतो. करणाराही म्हणतो आणि सोसणाराही म्हणतो. त्याऐवजी विचारायचं, पाणी कुठून भरता? चहा कशात देतात? तुम्हाला नावाने कोण हाक मारतं? घरात कुणी गेलं तर कुठे नेता? या शेवटच्या प्रश्नापासून माणसं हमखास खरं बोलू लागतात.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक निवृत्त हेडक्लार्क दर सोमवारी जिना चढून यायचे. शेजाऱ्याच्या आंब्याची पानं यांच्या अंगणात पडतात, तर हे प्रकरण जिनिव्हाला जायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काका, यात वंश कुठे आला? ते म्हणाले, "तेंचो अख्खो वंशच तसो आसा!" त्यांना चहा पाजून परत पाठवायला अर्धी सकाळ जायची.

पण बहुतेक प्रकरणांत हसू येत नसे. एका बंदरगावातला मुसलमान तरुण, आमच्यासारखाच बांगड्याच्या तिखल्यावर वाढलेला, आमच्यासारखीच भाषा बोलणारा. त्याला नोकरीसाठी तालुक्याच्या गावी खोली हवी होती. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती. नाव सांगितलं आणि घरमालकिणीचा भाचा त्याच आठवड्यात पुण्याहून राहायला येणार असं निघालं. पुढे कितीतरी दिवस मी त्या रस्त्याने जाता-येता बघत होते. खोलीला कुलूप तसंच होतं आणि भाड्याची पाटीही तशीच. बाईंना मी विचारलं, तर त्यांनी मला सोलकढी दिली आणि भाच्याला अजून रजा मिळत नाही असं सांगितलं. किनाऱ्यावरच्या एका निवासात मणिपूरच्या विद्यार्थ्यांना रात्रीपुरती जागा नाकारली होती. मालकाला विचारलं तर म्हणाला, "आमी खंय नाय म्हटला? आमी म्हटला, बघूया."

हा "बघूया" वाचकांनी लक्षात ठेवावा. आमच्या सिंधुदुर्गात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. आमची माणसं मऊ आहेत, भांडणाला घाबरणारी आहेत, पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय सोडणार नाहीत. नकार असतो, पण नाकारणारा सापडत नाही. आणि माझ्या कामात नाकारणारा सापडला नाही तर लिहायला काही उरत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. ही हकिगत माझ्या माहेरची आहे. मिठबावच्या आसपास आमचं गाव आहे, एवढंच सांगेन. गावाचं नाव न लिहिण्याची सवय कामाने लावली ती सुटत नाही. घरात मोठा माझा दादा. वडिलांच्या मागे हापूसची बाग त्यानेच वाढवली. भावकीतही त्याचाच शब्द मोठा होता, कारण तो कमी बोलायचा.

देवगडकडच्या बागांत नेपाळी कुटुंबं असतात हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. मोहराच्या आधी येतात, फवारणी करतात, फळ धरलं की माकडं-वांदर हाकतात, काढणी करतात, पेट्या भरतात. काही पावसाळ्यात परत जातात, काही बागेतल्या खोपीतच राहतात. गाव त्यांना सरसकट बहादूर म्हणतं. दादाच्या बागेतला बहादूर आणि त्याची बायको दिलमाया इतकी वर्षं होती, की माझ्या पुतण्याला, रोहनला, झाडावर चढायला त्यानेच शिकवलं. करोनाच्या दिवसांत बाजारातल्या पोरांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघून "करोना इलो" म्हणून दगड मारला, तेव्हा दादा हातात कोयता घेऊन बाजारात गेला होता. माझा भाऊ असा होता. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्याला दुष्ट समजू नये.

बहादूरचं खरं नाव मनबीर होतं. मला ठाऊक होतं, कारण नाव विचारणं हे माझं कामच. गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं असं वाटत नाही.

काढणी संपत आली होती. मी चार दिवसांची रजा घेऊन माहेरी आले होते. सकाळी बागेतच मनबीरच्या छातीत कळ आली. दादानेच त्याला आंब्याच्या टेंपोत घालून आरोग्य केंद्रात नेलं, पण तिथे पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी दाखला दिला आणि त्याच टेंपोतून त्याला परत बागेत आणलं. खोपीसमोर चटईवर ठेवलं. दिलमाया उशाशी बसली. ती मोठ्याने रडली नाही. इतक्या वर्षांत ती आमच्यापेक्षा चांगली मालवणी बोलायला शिकली होती. मला म्हणाली, "ताय, हेंका खंय नेतले?"

मी म्हटलं, नेपाळला कळवायचं का? ती म्हणाली, "थय आता कोण नाय. हयच जाळा. माका हयच ऱ्हवाचा आसा, माज्या डोळ्यांसमोर ऱ्हवांदे."

एवढंच तिचं मागणं होतं. बागेच्या खाली वहाळ म्हणजे ओढा आहे, वहाळाच्या काठाला आमच्या भावकीचा मसणवटा. खोपीच्या दारातून तो दिसतो.

बाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे अख्ख्या गावाचं मिळून एक स्मशान बहुधा नसतं. प्रत्येक भावकीची, प्रत्येक वाडीची जागा वेगळी, ज्याच्या त्याच्या जमिनीत. कुणी ती ठरवली कुणाला माहीत नाही, पण मोडायचं धाडस कुणाचं नाही. गावातल्या प्रत्येकाची जागा जन्मतःच ठरलेली असते. बाहेरून आलेला माणूस इथे शेत खंडाने घेऊ शकतो, दुकान टाकू शकतो, पंचवीस वर्षं राहू शकतो. मेला की मात्र प्रश्न उभा राहतो, कारण तो कुठल्याच भावकीतला नसतो.

तासाभरात माणसं जमली. सगळ्यांना खरंच वाईट वाटत होतं. खालच्या वाडीचे म्हणाले, आमची काय हरकत नाय, पण आमची जागा लांब पडतली. वरच्या वाडीचे म्हणाले, आमची काय हरकत नाय, पण आमच्याकडे वाट नाय. भावकीतल्या चुलत्यांनी मुंबईला फोन लावले. मुंबईवाले म्हणाले, आमची काय हरकत नाही, दादा ठरवेल ते. असं करत करत सगळं दादावर आलं.

दादा गडग्याला टेकून उभा होता. गडगा म्हणजे बागेभोवतीची चिऱ्याच्या दगडांची बुटकी भिंत. मी त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "दादा, तू हो म्हण. कोणी काही बोलणार नाही."

त्याने वहाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "देवाक इचारूया."

मी त्याला ओळखत होते. त्याच्या मनात हो होतं. पण ते हो आपल्या तोंडून निघू नये, आपल्यापेक्षा मोठ्या कुणीतरी म्हणावं, असं त्याला वाटत होतं. पुढे भावकीत कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाचं लग्न मोडलं, तर बोट आपल्याकडे नको. सगळ्यांना तोडगा पटला. आमच्याकडे सगळं देवाला विचारून चालतं. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. याला कौल म्हणतात. विहीर खणण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत कौल लावल्याशिवाय आमचं पान हलत नाही.

गुरवाला बोलावणं गेलं. तो आला, चटईकडे बघून त्याने हात जोडले आणि म्हणाला, "गावात मडा आसा तोवर देवळाचा दार उघडूक जमाचा नाय."

ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. गावात कुणी गेलं की अंत्यविधी होईपर्यंत देवळात पूजा होत नाही. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं एवढंच. म्हणजे देवाला विचारल्याशिवाय जाळायचं नाही, आणि जाळल्याशिवाय देवाला विचारायचं नाही. माझ्या सबंध नोकरीत मी सरकारी कचेऱ्यांची नाना तऱ्हेची उत्तरं वाचली, पण इतकी घट्ट बसलेली गाठ कुठे पाहिली नाही.

मग कुणाला तरी सुचलं. मढं गावाच्या शिवेबाहेर न्यायचं. म्हणजे गावात मढं नाही, देऊळ उघडायला हरकत नाही. कौल घ्यायचा, देवाने होय म्हटलं की परत आणायचं. माणसं एकदम मोकळी झाली. "बरा सुचला तुका," असं त्या सुचवणाऱ्याला म्हणालीसुद्धा. मी चिडून दादाला म्हटलं, "अरे, इथे जाळायचं की नाही हे विचारण्यासाठी त्याला गावाबाहेर काढणार? ऐकतोस तरी का स्वतः काय ते?"

"नंदा, हय तुजो कायदो नको," दादा म्हणाला. आवाज चढवून नाही म्हणाला. विनवणी केल्यासारखं म्हणाला.

मनबीरला पुन्हा टेंपोत ठेवलं. दिलमाया त्याच्या डोक्याशी बसली. बरोबर वाडीतले दोघे पुरुष आणि ड्रायव्हर. शिवेवरच्या मोरीपाशी, रस्त्यावरच्या छोट्या पुलाजवळ, थांबायचं ठरलं. मी तिच्याबरोबर जावं की देवळात, याचा विचार केला आणि देवळात गेले. निर्णय होतो तिथे हजर राहायचं, ही कामाची सवय. दिलमायाच्या शेजारी बसायला हवं होतं, असं नंतर कितीदा वाटलं.

देवळात गार होतं. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग गुरव थांबला. दादाकडे वळून म्हणाला, "नाव काय तेचा?"

"बहादूर," दादा म्हणाला.

"ता नाव नाय. खरा नाव?"

दादाने इकडेतिकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचा भाव मी विसरू शकत नाही. इतकी वर्षं ज्याच्या हातचे आंबे मोजून घेतले, ज्याच्या खांद्यावर आपलं पोर बसवलं, त्याचं नाव त्याला येत नव्हतं. मी मागून म्हटलं, "मनबीर."

"कोणाच्या दारचो?" गुरवाने विचारलं. गाऱ्हाण्यात हे सांगावं लागतं. माणूस कुणाच्या घरचा हे देवाला कळायला हवं.

दादा "आमच्या दारचो" म्हणाला असता तर त्याच वेळी सगळं मिटलं असतं. कौलाचीही गरज उरली नसती. तो म्हणाला, "बागेतलो. राखणो."

गुरवाने तसंच गाऱ्हाणं घातलं. बागेतला राखणा मनबीर, त्याची काया आपल्या भूमीत ठेवावी की नाही, सांग म्हाराजा. आम्ही पाषाणाकडे बघत उभे राहिलो. आणि थोड्या वेळाने उजवी पाकळी सुटून खाली पडली. अगदी स्वच्छ उजवा कौल. दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो तसाच चप्पल न घालता बाहेर धावला आणि ड्रायव्हरला फोन लावू लागला.

मोरीपाशी रेंज नसते. लागला तेव्हा टेंपो मोरीपाशी नव्हताच. ऊन चढत होतं. बरोबरच्या दोघांनी विचार केला, देव काय सांगेल माहीत नाही, उन्हात मढं किती वेळ ठेवायचं. शिवेबाहेर आलोच आहोत तर तालुक्याला सार्वजनिक स्मशान आहे, लाकडं तयार असतात, तिकडे न्यावं. दिलमायाला विचारलं. तिने मान हलवली. जन्मभर मालकांसमोर तिने हेच केलं होतं. दादाचा फोन लागला तेव्हा अग्नी देऊन झाला होता.

त्या संध्याकाळी ती खोपीत परत आली, एकटी. मी जवळ बसले. ती म्हणाली, "शेड हुती ताय, पत्र्याची. शिमिटाचो ओटो. आदीच्या कोणाची तरी राख हुती, ती बाजूक केल्यानी आणि हेंका ठेवल्यानी. फाल्या हेंचीपण तशीच बाजूक करतले." मी तिचा हात धरला.

हे प्रकरण मी करायला नको होतं. आपल्या घरचं प्रकरण आपण हातात घ्यायचं नाही, असा आमचा नियम. मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं नातं वर स्पष्ट लिही आणि मग लिही. दुसरं कोण लिहिणार?" म्हणून मी लिहिलं. नियमाप्रमाणे सगळ्यांच्या जबान्या घेतल्या. गावातला प्रत्येक माणूस मोकळेपणाने बोलला, आणि मोठ्या अभिमानाने बोलला. "लिव्हा तुमी, आमच्या देवान उजवो कौल दिल्यान. नेपाळ्याक पण. खंयचो देव देयत असो?" आम्ही नाही म्हटलंच नाही, असं सगळे म्हणत होते आणि ते खरंच होतं. एकाही जबानीत खोटा शब्द नव्हता.

दुसरी बाजूही विचारायची असते, म्हणून तालुक्याच्या सरकारी कचेरीला पत्र पाठवलं. उत्तर आलं की याबाबत कोणतीही तक्रार प्राप्त नाही, मयताचा अंत्यविधी सार्वजनिक स्मशानभूमीत सन्मानपूर्वक पार पडला आहे. तेही खरंच होतं.

मॅडमनी माझी पानं वाचून फोन केला. त्यांचा आवाज थकलेला होता. "नंदा, वाचून मला रडू आलं. पण मला एका शब्दात सांग, नाकारलं की नाही नाकारलं?" मी म्हटलं, नाकारलं नाही. "मग मी हे कशाखाली घालू?" अहवालाला पानांची मर्यादा असते. मारहाणीची प्रकरणं असतात, जाळपोळीची असतात. माझी पानं वगळली गेली. मॅडमचा दोष नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर मीही वगळली असती.

दिलमाया राहिली. जाणार कुठे? दादाने तिला खोपीच्या जागी चिऱ्याची खोली बांधून दिली, वर कौलं घातली, वीज आणली. पण बागेत तो फारसा जाईनासा झाला. एरवी संध्याकाळी बागेत बसल्याशिवाय ज्याला जेवण जात नसे, तो माणूस पडवीत बसून राहायचा. एकदा मी माहेरी गेले असताना, दोन-तीन वर्षांनी, त्याने मला अचानक विचारलं, "नंदा, तू माजा नाव लिवलंस तेच्यात?"

मला वाटलं त्याला भीती आहे. मी घाईघाईने म्हटलं, "नाही रे, नावं आम्ही कुणाचीच लिहीत नाही. 'बागायतदार' एवढंच लिहिलं. आणि ते कुठे गेलंही नाही."

तो म्हणाला, "लिवाचा हुता." मी त्याच्याकडे पाहिलं. "माजा नाव लिवाचा हुता गो. एक शब्द माज्या तोंडातसून इलो नाय."

त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. नाव न लिहिण्याच्या सवयीने आज इथेही मी त्याला दादाच म्हटलं आहे, नाव दिलेलं नाही. पण त्याने सांगितलेलं मात्र लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला. मी पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं. वहाळाच्या काठाला, आमच्या जागेत, त्याला अग्नी दिला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुष अस्थी सावडायला खाली उतरले. आमच्याकडे बायका तिथे जात नाहीत. मी बागेच्या गडग्यापर्यंत गेले. तिथे दिलमाया बसली होती, हातात माकडं हाकायची काठी, अंगावर घोंगडं. डोळे लाल, केसांवर दव.

रोहन मला वर येऊन म्हणाला, "आत्ये, ही तिन्ही दीस हयच बसान आसा. कोणी सांगूक नाय."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "दिलमाया, का गो?"

"कुत्रे येतत ताय. कोल्हे येतत. राख इस्कटतत," ती म्हणाली. "राखण करूचा माजा काम." मी रडायला लागले तर तिने मला थोपटलं नाही की समजावलं नाही. ती खाली राखेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हेंची राखण कोणी केली नाय. थय शेडीत कोण करतलो?" तिच्या आवाजात राग होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला, आणि मला बरं वाटलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताय, एक काम करशात? तुमका इचारूची सवय आसा. माज्यासाटी आत्ताच इचारून ठेवा. मी मेल्यावर नको. तेवा ऊन आसतला, मान्सा जमतली, देवळाचा दार बंद आसतला. आत्ता मी जित्ती आसंय, देऊळ उघडा आसा. आत्ता इचारा, माका खंय नेतले."

सबंध नोकरीत इतका साधा, इतका बरोबर प्रश्न मला कुणी दिला नव्हता. पुरुष अस्थी घेऊन वर आले. हातपाय धुऊन झाल्यावर मी रोहनला बाजूला घेतलं. तो शिकलेला, मुंबईत नोकरी केलेला, आता बाग त्याची. मनबीरच्या खांद्यावर बसून मोठा झालेला. मी त्याला सगळं सांगितलं. बाप शेवटी काय म्हणाला तेही सांगितलं. म्हटलं, देवाचा कौल एकदा मिळालेला आहे, पुन्हा विचारायलाही नको. तू फक्त हो म्हण. आमच्या दारची आहे म्हण.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी बापासारखं. त्याने खाली वहाळाकडे पाहिलं, वर जमलेल्या भावकीकडे पाहिलं, आणि माझा हात हातात घेऊन मोठ्या मायेने म्हणाला, "बघूया आत्ये."

मी गडग्यापाशी परत आले. दिलमाया उठून उभी राहिली. आयुष्यभर मी एकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल अशा भाषेत करून देत आले. सोसणाऱ्याचं अहवालाच्या भाषेत, कचेरीचं माणसांच्या भाषेत. त्या सकाळी मला ते जमलं नाही. ती म्हणाली, "रोहन काय म्हणालो?"

मी म्हटलं, "बघूया म्हणाला."

तिने मान हलवली. मग काठी उचलली आणि माकडं आली होती तिकडे, बागेत, हाळी देत निघून गेली.